चार्ज यादीत नसलेलं

पंखे तीन, त्यातला एक कण्हतो.
ट्यूबलाइट चार. लोखंडी कपाट एक, किल्ली नाही.
झाली ना सही, पावरासाहेब?
मग मागच्या दाराने या जरा.
चपला राहू द्या पायात, गोखरू आहे.

पौष तोंडावर असताना कोणी बदली करतं का?
पण आली.

ही बोर.
माझ्या आधीच्या आधी कोणी शिरसाळे होते,
त्यांनी मेहरूणहून डोळा आणून बांधला,
आणि फळ धरायच्या आत त्यांना गिरणेच्या कालव्यावर धाडलं.
एक बोर खाल्लं नाही बिचाऱ्यांनी.

आखाजी झाली की हिला कापायची.
भीत भीत नाही. मनगटाएवढ्या फांद्यासुद्धा.
पारोळ्याचं ऊन तुम्हाला माहीत नाही अजून,
पत्रे कडकडतात, आणि आपल्या हातात करवत.
लोक कंपाउंडशी थांबतात.
पहिल्या वर्षी आपला वॉचमन हिलाल म्हणाला,
"हाई तं मरी गयं, ताई,"
आणि तीन दिवस बोलला नाही माझ्याशी.
मग एका सकाळी त्यानेच हाक मारली.
बोडक्या खोडावर मोहरीएवढं हिरवं.

कापल्या जागी मोरचूद आणि चुना.
प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, लोखंडाच्या नको.
बोटं निळी होतात.
मस्टरवर कुठे कुठे उमटलीत, ती माझीच.

लिंबाचं वेगळं.
त्याला मार्गशीर्षात तहानलेलं ठेवावं लागतं.
पाणी तोडायचं म्हणजे तोडायचं.
नळ आठ दिवसांनी येतो, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटतं
बाईला झाडाचं पाणी जिवावर येतं.
वाटू दे.
पानं दुपारी दुमडतात, दिवेलागणीला उघडतात.
ज्या दिवशी दिवेलागणीलाही उघडली नाहीत
त्या दिवशी अर्धी बादली, घोटभर, जीव राहण्यापुरती.
संक्रांतीनंतर शेणखत, आणि पाणी चढवत न्यायचं,
मग बघा, पानाआधी फूल.
हे पुस्तकातलं नाही.
आवर्तन सोडणाऱ्या ऑफिसात एकोणीस वर्षं बसलं
की अडवण्यालाही वेळ असते एवढं कळतं.

सीताफळ आपलं आपण बघतं.
पांढरे ढेकूण दिसले तर साबणाचं पाणी, बस.

आता परत बोरीशी या. वाका.
ही गाठ. हिच्या वर मेहरूण, हिच्या खाली रान.
गाठीखालून फुटेल ते अंगठ्याने मोडायचं,
कोवळं आहे तोवर.
मी मोडत आले. एकच साल नाही,
धुळ्याला ऑपरेशन झालं, पाच महिने तिकडेच.
आले तर हा फोक डोक्याच्या वर गेलेला, काटेच काटे.
करवत लावली. ही बघा, खूण आहे अजून.
पण त्याला बोरं लागली होती, हरभऱ्याएवढी,
नुसती बी आणि साल,
आणि भिंतीवर बसून हिलालची नात तीच खात होती.
वरची टपोरी तशीच लोंबत.
अगं, ती गोड आहेत ना? म्हटलं.
तोंड वाकडं करत म्हणाली,
"या आंबट शेतस म्हनीसन."

नियमाने हे चूक आहे.
खालचा फोक वरच्याचा रस पितो,
वरचं हळूहळू वाळतं म्हणतात.
मी दर वर्षी अर्धा कापते, अर्धा ठेवते,
आणि कोणाला सांगत नाही.
तुमचं तुम्ही ठरवा.

टेम्पोवाला हॉर्न देतोय. येते मी.
खुरपं कोळशाच्या खोलीत, करवतीला तेल लागतं,
आणि, अहो, साहेब,
ती बादली ठेवा खाली.
कळतंय, पानं मान टाकून आहेत.
माझ्या हातालाही तेच वाटतं रोज.
अजून अकरा दिवस.